वेदनाहर्ता कार्ल कोलर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही आपल्या गोव्यातील घराघरांत आता परिचयाची गोष्ट झाली आहे. आजोबा सकाळी इस्पितळात जातात, डोळ्यांत औषधाचे थेंब पडतात, क्वचित डोळ्याच्या बाजूस एक सुई टोचली जाते, आणि थोड्याच वेळाने ते डोळ्यावर पट्टी बांधून, डॉक्टर आपल्याशी काय काय बोलले ते सर्वांना सांगत घरी परततात. शस्त्र डोळ्यात फिरत असता माणूस जागा असतो, बोलत असतो आणि त्यास दुखत नाही, यातील नवल आज कोणास जाणवत नाही. परंतु १८८४ सालापूर्वी पाश्चात्त्य वैद्यकातील मोठमोठ्या धन्वंतऱ्यांनाही ही गोष्ट साधलेली नव्हती. ती साधली व्हिएन्ना शहरातील एका सव्वीस वर्षांच्या, बेताच्या परिस्थितीतील डॉक्टराने. त्याचे नाव कार्ल कोलर. विद्यार्थिमित्रांनो, पाश्चर, एडिसन, मादाम क्यूरी यांची चरित्रे तुम्ही आवडीने वाचता. वैद्यकाच्या जगात सर्वश्रुत असलेले कोलरचे नाव मात्र शालेय पुस्तकांत सहसा आढळत नाही. म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही त्याचीच निवड केली आहे.

वेदनेवर उपाय शोधण्याची माणसाची धडपड फार जुनी आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास तीक्ष्ण मद्य पाजावे असे आपल्या सुश्रुताने सांगून ठेवले आहे, आणि मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचे त्याच्या संहितेतील वर्णन हे जगातील अतिप्राचीन वर्णनांपैकी एक मानले जाते. पुढे कित्येक शतके मद्य, अफू आणि रोग्यास दाबून धरणारे चार दणकट गडी यांपलीकडे फारशी मजल गेली नाही. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरची वाफ हुंगवून रोग्यास निश्चेष्ट करण्याचा प्रयोग जाहीररीत्या यशस्वी झाला. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले, आणि शस्त्रवैद्यांच्या टेबलावरील आरोळ्या हळूहळू थांबल्या.

नेत्रवैद्यांच्या पदरात मात्र या शोधांतून फारसे काही पडले नाही. ईथर हुंगवण्यासाठी तोंडानाकावर जो मुखवटा धरावा लागे तोच मुळी डोळ्याच्या आड येई. डोळा वर कर, खाली कर, आता स्थिर ठेव, असे नेत्रवैद्यास रोग्यास सांगावे लागते. बेशुद्ध मनुष्य ते ऐकणार कसा? आणि सर्वांत वाईट प्रसंग शुद्धीवर येताना ओढवे. ईथरच्या गुंगीतून जागा होणारा रोगी ओकाऱ्या काढी. त्या काळी डोळ्याच्या जखमेस सहसा टाके घालत नसत. ओकारीच्या ताणाने ताजी जखम उघडे, डोळ्याच्या आतील भाग बाहेर येई, आणि दृष्टी मिळवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेतच दृष्टी कायमची जाई. म्हणून बहुतेक रोगी पूर्ण शुद्धीत टेबलावर पडत. आपल्या डोळ्याकडे सुरी येताना त्यांना दिसे आणि तरीही न हालण्याचा हुकूम असे. यात कित्येकांचे धैर्य खचे, व अंधत्व पत्करून ते घरी जात.

कोलरचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमिया प्रांतातील शुटेनहोफेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात असून सुशित्से या नावाने ओळखले जाते. व्हिएन्नाच्या विद्यापीठात त्याने प्रथम कायद्याचा अभ्यास आरंभिला होता, परंतु वर्षभरातच तो वैद्यकाकडे वळला आणि १८८२ साली डॉक्टर झाला. विद्यार्थिदशेतच प्राध्यापक स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत त्याने कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर केलेले संशोधन जाणत्यांच्या नजरेत भरले होते. त्याची महत्त्वाकांक्षा एकच : व्हिएन्नाच्या नेत्रचिकित्सालयात सहायकाची जागा मिळवावी आणि नेत्रवैद्य म्हणून नाव कमवावे. त्या चिकित्सालयाचे प्रमुख प्राध्यापक आर्ल्ट हे ईथर आणि क्लोरोफॉर्म डोळ्याच्या कामी कसे कुचकामी ठरतात ते शिष्यांना वारंवार समजावून सांगत. इतरांनी ते ऐकले व सोडून दिले; कोलरने ते मनावर घेतले. डोळ्याचा पृष्ठभाग तेवढा बधिर करील असे काही औषध मिळेल काय, या एका प्रश्नाने त्यास पछाडले. त्याने मॉर्फिनचे थेंब जनावरांच्या डोळ्यांत घालून पाहिले, क्लोरल व ब्रोमाइड ही औषधे घालून पाहिली. एकाचाही गुण आला नाही, तेव्हा नाइलाजाने त्याने ते प्रयोग थांबवले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात त्या वेळी कनिष्ठ डॉक्टर म्हणून राहणाऱ्या तरुणांत कोलरचा एक मित्र होता. पुढे मनोविश्लेषणाचा जनक म्हणून जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड तो हाच. १८८४ साली फ्रॉइड कोकेन नामक द्रव्याच्या नादी लागला होता. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडचे लोक थकवा व भूक विसरण्यासाठी कोका नावाच्या झुडपाची पाने पिढ्यान्‌पिढ्या चघळत आले आहेत; त्या पानांतील सत्त्व १८६० मध्ये जर्मनीतील गटिंगन येथे नीमान नावाच्या रसायनज्ञाने शुद्ध स्वरूपात वेगळे काढले होते. ते जिभेवर ठेवले असता जीभ बधिर होते, हे त्याच वेळी नीमानने लिहून ठेवले. त्यानंतर चोवीस वर्षे ज्याने ज्याने कोकेन चाखले त्याने त्याने हाच अनुभव घेतला. कोणी कोणी त्याचा वैद्यकात उपयोग व्हावा असेही सुचवले, पण तेथेच थांबले.

फ्रॉइडच्या उत्साहामागे एक करुण कारण होते. एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल हा त्याचा गुरुतुल्य मित्र, शरीरशास्त्रातील मोठा बुद्धिमान संशोधक. प्रेताची चिरफाड करताना त्याच्या अंगठ्यास जखम होऊन विषबाधा झाली आणि अंगठ्याचा भाग कापून टाकावा लागला. जखम भरली, परंतु तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांशी गाठी वाढू लागल्या, आणि त्या गाठींतून रात्रंदिवस असह्य कळा निघत. शस्त्रवैद्यांनी त्या पुन्हापुन्हा कापल्या, त्या पुन्हापुन्हा वाढल्या. कळा सोसवेनात म्हणून फ्लाइश्ल मॉर्फिन घेऊ लागला व त्याच्या आहारी गेला. कोकेन दिले तर हे व्यसन सुटेल, अशा भाबड्या आशेने फ्रॉइडने मित्रास कोकेन दिले. परिणामी फ्लाइश्ल कोकेनचाही गुलाम झाला. तो १८९१ साली वारला तेव्हा अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता. तंतूची वेदना कशी असते आणि तिच्यावरील उतावळा उपाय कोठे नेतो, याचे इतके विदारक उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

कोकेनने स्नायूंचे बळ वाढते काय, हे पाहण्यासाठी फ्रॉइडने कोलरला आपल्या प्रयोगांत सामील करून घेतले होते. दोघे मित्र कोकेन घेत आणि बळ मोजण्याच्या यंत्रावर आपली मूठ आवळून पाहत. जुलैत फ्रॉइडचा कोकेनवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी बधिर करण्याच्या गुणाचे आणखी काही उपयोग निघतील, असा ओझरता उल्लेखही होता. मग फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूस भेटण्यासाठी दूर हँबर्गजवळच्या गावी निघून गेला.

उन्हाळ्याच्या अखेरच्या त्या दिवसांतील ही गोष्ट. एंगेल नावाच्या एका सहकाऱ्याने चाकूच्या टोकावरून किंचित कोकेन चाखले आणि जीभ किती बधिर झाली म्हणून सहज उद्गार काढला. कोलर म्हणाला की होय, हा अनुभव तर सर्वांनाच येतो. बोलता बोलताच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जे औषध आपण कित्येक वर्षे शोधत होतो ते आपल्या खिशातच आहे! तो तडक स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेला. तेथे गेर्टनर नावाचा सहायक हजर होता. पुढे जे घडले त्याची हकीकत त्यानेच नंतर सांगितली. कोलरने एका लहान बाटलीतील पांढरी पूड थोड्या पाण्यात विरघळवली आणि एका बेडकाच्या डोळ्यात तो थेंब सोडला. मिनिटभर थांबून त्यांनी टाचणीने डोळ्याच्या पारदर्शक पटलाला स्पर्श केला. बेडकाने पापणीसुद्धा हलवली नाही. दुसऱ्या डोळ्यास, ज्यात औषध घातले नव्हते त्यास, नुसते टाचणीचे टोक लागताच बेडूक दचकून मागे सरला. मग ससा झाला, कुत्रा झाला. शेवटी दोघांनी ते पाणी आपापल्या डोळ्यांत घातले, आरसा समोर धरला आणि टाचणीचे बोंड डोळ्यावर टेकवले. काही कळेना! डोळ्यावर खळगा पडेपर्यंत दाबले तरी स्पर्शाची जाणीवही होईना.

असा पोरखेळासारखा वाटणारा तासाभराचा प्रसंग. पण वर्षानुवर्षे निष्फळ प्रयोग करून ज्याने जनावरांचे डोळे तपासले होते, त्यासच तो तासाभरात साधला हे आम्ही विसरत नाही.

लवकरच रोग्यांवरही त्याचा अनुभव आला. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची परिषद भरायची होती. व्हिएन्नाहून हायडेलबर्गपर्यंतचा प्रवासखर्च करण्याची कोलरची ऐपत नव्हती. त्याने आपला निबंध त्रिएस्तच्या ब्रेटाउअर नामक डॉक्टराच्या हाती दिला. शतकातील एका महान शोधाची वार्ता अशा रीतीने दुसऱ्याच्या मुखातून जगाने ऐकली! ब्रेटाउअरने तेथे प्रात्यक्षिकही करून दाखवले, आणि एकाहून एक नामांकित नेत्रवैद्य थक्क होऊन पाहत राहिले. काही आठवड्यांतच बातमी अटलांटिकपलीकडे पोहोचली. १७ ऑक्टोबरला कोलरने स्वतः व्हिएन्नाच्या वैद्यसभेपुढे निबंध वाचला. त्याच बैठकीत क्योनिगश्टाइन या नेत्रवैद्यानेही कोकेनवरील आपले काम मांडले, त्यामुळे शोध प्रथम कोणाचा असा वाद उद्भवण्याची लक्षणे दिसू लागली. परंतु फ्रॉइड आणि दुसरा एक मित्र मध्ये पडले आणि क्योनिगश्टाइनने कोलरचा अग्रमान मान्य केला. फ्रॉइडने या बाबतीत जो मोकळेपणा दाखवला तो आम्हांस फार आवडला. तो थट्टेने कोलरला कोका-कोलर म्हणत असे. कोका-कोला हे पेय तेव्हा निघालेही नव्हते.

नाव तर झाले. पण ज्या नेत्रचिकित्सालयाच्या जागेसाठी कोलरचा जीव तळमळत होता ती दूरच राहिली. आणि १८८५ च्या जानेवारीत एक विपरीत प्रसंग घडला. इस्पितळात त्याची पाळी असता बोटास इजा झालेला एक मनुष्य आला. बोटाभोवती रबराचा बंध इतका आवळलेला होता की रक्त थांबून बोट सडण्याचे भय होते. कोलरने तो बंध सैल केला. प्रख्यात शस्त्रवैद्य बिलरोट यांच्या विभागातील झिनर नावाच्या डॉक्टरास हे खपले नाही. बोलाचाली वाढली आणि झिनरने कोलरच्या ज्यू जातीवरून त्यास हलकट शिवी दिली. कोलरने तत्क्षणी त्याच्या मुखात लगावली. दोघेही सैन्याच्या राखीव दलातील अधिकारी. त्या समाजाच्या रीतीप्रमाणे मामला द्वंद्वयुद्धावर गेला. तलवारी परजल्या गेल्या. झिनरला दोन जखमा झाल्या, कोलरला ओरखडाही उठला नाही. द्वंद्वयुद्ध ही काही अनुकरणीय रीत नव्हे, आणि कायद्यानेही तेथे त्यास बंदीच होती. तथापि रोग्याचे बोट वाचवू पाहणाऱ्या डॉक्टरास त्याच्या जन्मावरून अपमान सोसावा लागावा, आणि तोही विद्येच्या अशा माहेरघरात, ही गोष्ट आम्हांस त्या तलवारींहून अधिक लाजिरवाणी वाटते. त्या वर्षांत व्हिएन्नात ज्यूद्वेषाचे वारे वाहत होते, आणि कोलरला अपेक्षित जागा अखेरपर्यंत मिळाली नाही.

तिकडे एप्रिल महिन्यात फ्रॉइडच्या वृद्ध वडिलांना काचबिंदूने ग्रासले. शस्त्रक्रिया क्योनिगश्टाइनने केली, डोळ्यात कोकेन घालून तो बधिर करण्याचे काम कोलरने केले, आणि फ्रॉइड मदतीस उभा होता. ज्या तिघांचा या शोधाशी संबंध आला ते तिघेही एका म्हाताऱ्याच्या उशाशी त्या दिवशी एकत्र आले होते. पुढे १९२५ साली आत्मचरित्रपर लेखनात फ्रॉइडने या शोधाचे यश आपल्या हातून कसे निसटले ते सांगताना त्या प्रवासाकडे, म्हणजे पर्यायाने वाग्दत्त वधूकडे बोट दाखवले. आमच्या मते हे पूर्ण खरे नव्हे. फ्रॉइड घरी राहिला असता तरी त्याच्या मनात डोळ्याचा प्रश्न नव्हता. त्याचे सारे लक्ष मरगळ, व्यसन आणि स्नायूंचे बळ यांकडे लागलेले होते.

कोलरने उघडलेल्या दारातून इतर पुष्कळ जण आत शिरले. न्यूयॉर्कच्या हॉल्स्टेड या शस्त्रवैद्याने बातमी कळताच पुढचे पाऊल टाकले : डोळ्यावर थेंब टाकण्याऐवजी मज्जातंतूच्या वाटेवरच सुईने औषध सोडले तर त्या तंतूच्या ताब्यातील सारा प्रदेश बधिर होईल. जबड्यातील तंतूजवळ सुई टोचून दातांचा अर्धा ओळीभर भाग त्याने असाच मुका केला. आज दाढ काढताना दंतवैद्य देतो ती टोचणी हीच. दुर्दैवाने हे सर्व प्रयोग हॉल्स्टेड आणि त्याचे सोबती स्वतःच्या अंगावर करीत. कोकेन मनुष्यास किती लवकर कह्यात घेते याची कल्पना तेव्हा कोणासच नव्हती. हॉल्स्टेड पुढे बाल्टिमोर येथे अमेरिकेतील अग्रगण्य शस्त्रवैद्य म्हणून गाजला खरा, परंतु व्यसनाने त्यास पुरते असे कधीच सोडले नाही. म्हणून रसायनज्ञ कोकेनला पर्याय शोधू लागले. १९०४ मध्ये आइनहोर्नने नोव्होकेन तयार केले. १९४३ मध्ये स्वीडनमधील लॉफग्रेनने लिडोकेन सिद्ध केले, जे आपल्याकडे झायलोकेन या नावाने दवाखान्यादवाखान्यांत ठाऊक आहे. मधल्या काळात, १८९८ साली, कील येथील बीअर याने पाठीच्या कण्यात सुईने कोकेन सोडून कमरेखालचे शरीर बधिर करण्याची युक्ती यशस्वी केली होती. आज कित्येक बाळे आईच्या शुद्धीत, शस्त्रक्रियेने, याच रीतीने जन्मास येतात.

हे औषध करते तरी काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडेलच. आम्ही कलाशाखेचे, तरी समजले तेवढे सांगतो. वेदनेचा निरोप मज्जातंतूंतून मेंदूकडे विजेच्या लहानशा लाटेच्या रूपाने धावतो. तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की बाहेरचे सोडियमचे विद्युत्‌भारित कण (मिठात असते तेच सोडियम) आत घुसतात, त्यांच्या लोंढ्याने पुढली दारे उघडतात, आणि अशी लाट सरकत जाते. कोकेनच्या जातीची औषधे ही दारे आतून अडवून धरतात. मग इकडे सुरी चालली तरी तिकडे मेंदूला वार्ता नाही. औषध रक्तावाटे वाहून गेले की दारे मोकळी होतात व संवेदना परत येते. डोळ्याचे पारदर्शक पटल तर अशा तंतूंच्या टोकांनी गजबजलेले असते, म्हणूनच धुळीचा कण गेला तरी आपण कासावीस होतो. आणि म्हणूनच एका थेंबाचा तेथे इतका प्रभाव पडतो.

फ्लाइश्लचे दुखणे मात्र निराळ्या जातीचे. तेथे वार्ता आणणारा जासूदच जखमी झालेला असतो. बाहेर काही घडलेले नसता तो संकटाची दवंडी पिटत सुटतो, आणि कालांतराने मेरुरज्जू व मेंदूही त्या दवंडीस सोकावतात. मधुमेहाच्या कित्येक रोग्यांचे तळपाय जळतात, नागीण बरी झाल्यावरही कोणाकोणाची ती जागा महिनोन्‌महिने ठणकते, ते याच प्रकारचे दुखणे. दार अडवणारे औषध तेथे काही तासांपुरता दिलासा देते. आता डॉक्टर अशा रोग्यांस मुळात अपस्मारासाठी किंवा मनाच्या खिन्नतेसाठी निघालेली काही औषधे बेताबेताने देतात, कधी बधिर करणारी पट्टी त्वचेवर लावतात, कधी तंतूजवळ टोचणी देतात. पुष्कळांस उतार पडतो. पण पूर्ण आराम सर्वांनाच मिळतो असे नाही.

कोलरने १८८५ साली व्हिएन्ना सोडले. हॉलंडमधील उट्रेख्त येथे डॉन्डर्स आणि स्नेलेन या थोर नेत्रवैद्यांपाशी त्याने दोन वर्षे काम केले. चष्म्याच्या डॉक्टराकडे भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता असतो तो या स्नेलेनचाच. १८८८ मध्ये कोलर न्यूयॉर्कला गेला, तो तेथलाच झाला. माउंट सायनाय इस्पितळात आणि स्वतःच्या दवाखान्यात त्याने अनेक वर्षे रोग्यांची सेवा केली. १८९३ मध्ये विवाह होऊन संसार थाटला. नोबेल पारितोषिकासाठी त्याचे नाव सुचवले गेले, पण ते त्यास लाभले नाही. १९२२ मध्ये अमेरिकेच्या नेत्रवैद्यक संस्थेने आपले नवे सुवर्णपदक सर्वप्रथम त्यासच अर्पण केले. २१ मार्च १९४४ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला.

त्याची कागदपत्रे पुढे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जमा झाली. ती लावून ठेवताना त्यांत एक लहानसे पाकीट निघाले. आत थोडी पांढरी पूड होती, आणि १८८४ सालच्या आपल्या पहिल्या प्रयोगांतून उरलेले हे कोकेन आहे अशी कोलरची टीप वर होती. व्हिएन्नाहून हॉलंड, हॉलंडहून अमेरिका, एवढ्या प्रवासात आणि साठ वर्षांच्या संसारात ते चिमूटभर पाकीट त्याने जपून ठेवले होते.